कणकेचे हात, ग्रॅनाइटचा ओटा आणि फोनची पाच कव्हरं

डोंबिवली पूर्वेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. केंद्र हा शब्द पाटीवर शोभतो म्हणून, नाहीतर आहे काय, तर दहा बाय बाराचा गाळा, दोन शेगड्या, ग्रॅनाइटचा ओटा, मी आणि मदतीला दोघी. रोज दोनशे-सव्वादोनशे पोळ्या होतात, सणावाराला जास्त. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयवर येतात, आणि "काकू, आज भाजी कुठली?" असं विचारणारे फोन मोहरी तडतडायला लागली की बरोब्बर येतात. त्यामुळे माझा फोन दिवसाचे आठ तास ओट्यावर मिसळणाच्या डब्याला टेकून उभा असतो. त्याला लागणारे हात कणकेचे, तेलाचे, नाहीतर हळदीचे.

हा फोन २०२२ च्या दसऱ्याला घेतला, साडेअठरा हजारांना. तीन वर्षं झाली. तेवढ्यात पाच तऱ्हेची कव्हरं वापरून झाली आणि मध्ये तेवीस दिवस फोन उघडाही वापरला. दुकानात येणारी कॉलेजची मुलं नवा फोन दाखवतात, आणि कव्हर घालायचं की नाही यावर त्यांच्यात जी भांडणं चालतात, ती ऐकत मी पोळ्या लाटत असते. म्हटलं, आपणही एकदा लिहावं. मी इंजिनिअर नाही. आमचा मुलगा डिप्लोमा करतोय, काचेचं आणि प्लास्टिकचं शास्त्र त्याच्याकडून ऐकलेलं. बाकी सगळं ओट्यावरचं.

पहिलं कव्हर फुकटचं. फोनच्या खोक्यातच एक पारदर्शक मऊ कव्हर निघालं. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर याला सरसकट "सिलिकॉन" म्हणतात, पण ते सिलिकॉन नसतं, टीपीयू असतं, म्हणजे पॉलियुरेथेनचा एक मऊ प्रकार. दिसायला छान, फोनचा निळा रंग आतून दिसायचा, हातातून निसटायचंही नाही. चार महिन्यांत ते पिवळं पडलं. मला वाटलं हळद. हळदच होती, पण नुसती हळद नव्हती.

हळदीचा डाग कसा घालवायचा हे मला कुणी शिकवायला नको. साबणाने धुवायचं आणि उन्हात टाकायचं, हळद उन्हाला टिकत नाही. शाळेच्या शर्टावरचे वरणाचे डाग मी आयुष्यभर असेच घालवलेत. तेव्हा कव्हर घासणीने घासलं, खिडकीच्या ग्रिलमध्ये कपड्यांच्या चिमट्याला आठवडाभर लटकवलं. हळदीचा तो भडक पिवळा खरंच उडाला. आणि त्याच्याखालून दुसराच पिवळा उघडा पडला, जुन्या वर्तमानपत्रासारखा, मळकट. मुलगा हसत सुटला. "आई, हे प्लास्टिकच उन्हाने पिवळं पडतं, आणि तू त्यालाच उन्हात टाकलंस." सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि उष्णता यांनी या पॉलियुरेथेनची रचना बदलत जाते, आणि तो रंग वरचा डाग नसतो, आतूनच आलेला असतो. घासून जाणार कसा? काळं कव्हरही आत तेवढंच म्हातारं होत असेल, पण आपल्याला दिसत नाही. मला तेवढं पुरे आहे.

सात महिने वापरलं. दिसण्याचं सोडलं तर त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण गिऱ्हाइकासमोर पेमेंट दाखवायला फोन पुढे केला की ते पिवळेपण बघून मलाच कसंतरी व्हायचं. खाण्याचा धंदा आहे. माणूस आधी तुमची नखं बघतो, मग फोन, मग पोळी.

म्हणून दुसरं घेतलं पाकीटवालं, म्हणजे फ्लिप कव्हर. साडेचारशे रुपये. तपकिरी, "लेदर" म्हणून दिलेलं, आत दोन कार्डांचे कप्पे आणि बंद करायला लोहचुंबक. २०२३ च्या जूनमध्ये घेतलं ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे कणकेच्या हाताने उघडायच्या वस्तूला झाकण असणं. फोन आला की आधी झाकण उघडा, मग उचला, तोवर समोरच्याने ठेवलेला असतो. झाकण मागे दुमडलं की फोन डब्याला टेकून राहत नाही, उताणा पडतो. हिंगाचा वास तर त्याने असा धरून ठेवला की लोकलमध्ये शेजारच्या बाईने "तुमच्या पर्समध्ये काही आहे का हो?" असं विचारलं.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गणपती आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी उकडीच्या मोदकांची ऑर्डर होती, एकशे एकाहत्तर मोदक. दोन किलो पिठीची उकड काढून परातीत मळायला घेतली आणि पांढऱ्याशुभ्र उकडीत एक काळपट कण दिसला. काढला. पुढे अजून एक. मग तीन. मला वाटलं जिरं पडलं, मग वाटलं, देवा, नको ते काही नसू दे. मदतीला येणारी सुगंधा शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या फोनचं कातडं निघालंय." पावसाळ्याच्या दमट हवेत त्या रेग्झिनचा वरचा पापुद्रा सुटला होता. अस्सल कातडं असं सुटत नाही. कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवून कातड्यासारखं दिसणारं जे करतात, तो थर ओलाव्याने सुटतो. जुन्या सोफ्याचे, चपलेच्या पट्ट्यांचे पोपडे पडतात ना, तेच. फोन परातीच्या बाजूलाच होता, आणि मी त्याच हाताने दोनदा उचलला होता.

दोन किलोची उकड फेकली. पुन्हा पीठ चाळलं, पुन्हा पाणी उकळलं, रात्री दीडपर्यंत मोदक वळत बसले. कव्हर त्याच रात्री कचऱ्यात. ज्याला कोरड्या ऑफिसात बसून काम करायचंय त्याने पाकीटवालं खुशाल वापरावं. स्वयंपाकघरात पोपडे पडणारी कुठलीच वस्तू नको, मग ती कितीही शोभिवंत असो.

तिसरं मात्र खरं सिलिकॉन. जांभळट रंगाचं, तीनशे नव्याण्णव रुपये, आतून मखमलीसारखं मऊ अस्तर. हात लावल्या लावल्या आवडलं. उष्णता सोसणारं, साबणाने धुतलं की नवं. त्याचा एकच दोष, आणि तो माझ्यासारखीच्याच लक्षात येणार. त्याला सगळं चिकटतं. पर्समध्ये टाकलं की केस, दोरे, बिस्किटाचा चुरा सगळं घेऊन बाहेर येतं. माझ्याकडे तर उडणारी पिठी. सकाळी दहाला जांभळं असलेलं कव्हर बाराला पांढरं झालेलं असायचं.

पिठी बसली की ते निसटायचं. सिलिकॉन इतकं पकड घेणारं, पण पिठीचा हात फिरला की गुळगुळीत. मला हे कळायला महिना लागला आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली, कारण तीस वर्षं मी दुसरं काय करतेय? गोळा पोळपाटाला चिकटू नये म्हणूनच पिठी लावतो ना आपण. इथे पोळपाटाच्या जागी माझा तळहात होता. त्या पाच महिन्यांत फोन चार वेळा पडला. दोनदा पिठाच्या पोत्यावर, एकदा सुगंधाच्या पायावर, एकदा लादीवर. फुटला नाही, कव्हर जाड होतं. पण ज्या दिवशी फोन हातातून सुटतो त्या दिवशी तो पोत्यावर पडेल की लादीवर, हे आपण ठरवत नाही.

चौथ्या कव्हरवर मी सगळ्यात जास्त पैसे घातले आणि सगळ्यात जास्त बोलणीही त्याच्यावरूनच खाल्ली. २०२४ चा फेब्रुवारी. स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, ये मिलिटरी ग्रेड है, छत से फेंको." अकराशे नव्याण्णव. काळं, जाडजूड, कोपऱ्यांना उशा, पाठीवर अंगठी, चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण. आंटी म्हटल्याचा राग गिळून मी घेतलं.

घरी आल्यावर मुलाने खोका वाचला आणि आमचा अर्धा तास क्लास घेतला. ती अमेरिकी सैन्याची ८१० क्रमांकाची मानकं असतात, त्यात वस्तू आपटून बघायची एक चाचणी आहे. चार फुटांवरून, म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून, २६ वेळा पाडायची. मी विचारलं, सव्वीसच का, पंचवीस का नाही? तर खोक्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात, प्रत्येकावर एकदा. हे मला फार आवडलं. मी लगेच मिठाईचा रिकामा खोका घेऊन मोजून पाहिलं, बरोबर सव्वीस. पण मग पुढचं. ते सव्वीस आपटे एकाच नगाने खायला हवेत असं नाही, पाच नगांत वाटून दिले तरी चालतात. आणि त्या मानकाच्या 'जी' (G) नावाच्या आवृत्तीत खाली असतं ते काँक्रीटवर टाकलेलं दोन इंची प्लायवूड. सैन्याचा कुणी अधिकारी येऊन कव्हरवर शिक्का मारत नाही, कंपनी आपली आपण चाचणी करते किंवा करून घेते आणि आपणच छापते. म्हणजे खोटं असतंच असं नाही. माझा ओटा पावणेतीन फुटांचा, चार फुटांच्या हिशेबात तो आरामात बसतो. फक्त माझ्या गाळ्यात प्लायवूड एकाच ठिकाणी आहे, देवाच्या फळीला. खाली लादी.

त्या कव्हरचं कौतुकही करते. चार्जिंगच्या भोकावरचं ते रबरी झाकण, त्यासाठी मी कंपनीला नारळ द्यायला तयार आहे. त्याआधी माझं चार्जिंग सैल झालं होतं. दुरुस्तीवाल्याने टाचणीने आतून कणकेची अशी टणक गोळी काढली की त्याने ती टेबलावर ठेवून मला दाखवली. "काकू, चपाती निकली." झाकणवाल्या कव्हरने तो प्रश्न संपवला. पडला तेव्हाही फोनला काही झालं नाही.

त्याने फोन वाचवला आणि फोनची पाठ मात्र खराब केली. ती गंमत सांगते.

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री आम्ही आठ-दहा जणी फडके रोडला रांगोळी काढायला होतो. सकाळी स्वागतयात्रा, आमच्या डोंबिवलीचा मोठा दिवस. रात्री अकरा ते अडीच रस्त्यावर बसून रंग भरत होतो, फोन बाजूलाच, मधूनमधून त्यातलं डिझाइन बघायचं. रांगोळीच्या रंगात बारीक वाळू असते. ती कव्हरच्या कडेतून आत गेली. जाड कव्हरला सांधे जास्त, वाळू आत शिरायला वाटाही जास्त. आणि ते काढायला इतकं अवघड की मी दोन महिने काढलंच नाही. जूनमध्ये काढलं तेव्हा फोनच्या चारही बाजूंनी, जिथे कव्हर घट्ट बसतं बरोबर तिथे, रंग घासून गेलेला. मागे एक अंगठ्याएवढा पट्टा तर पॉलिश पेपर मारल्यासारखा.

वाळू म्हणजे बहुतेक क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोहस पट्टीवर ते ७ वर येतं, स्क्रीनची काच त्याच्या खाली, सहाच्या आसपास, आणि घरातली साधी सुरी किंवा किल्ली काचेच्याही थोडी खाली. म्हणून पर्समधल्या किल्लीने स्क्रीनवर सहसा चरा पडत नाही, आणि समुद्रावरून आल्यावर पडतो. फोनची कड तर रंगवलेलं प्लास्टिक, तिची काय कथा. कव्हर घातलं म्हणजे फोन सुरक्षित, हे समजून जे वर्षभर कव्हर काढत नाहीत, त्यांनी आज रात्री काढून आत बोट फिरवून बघा. मी आता दर रविवारी काढते, भांड्यांच्या साबणाने धुते, पुसते, पूर्ण वाळवते, मग घालते. दोन मिनिटं लागतात. ओलं घालायचं नाही, आत पाणी अडकतं.

दुसरी अडचण मे महिन्यातली. दोन शेगड्या पेटलेल्या, वर पत्रा, गाळ्यात बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा, आणि फोनने लोकरी कोट घातलेला. चार्जिंगला लावला की तापायचा, स्क्रीन आपोआप मंद व्हायची, एकदा तर तापलाय म्हणून चार्जिंगच थांबवलं त्याने. फोनमधल्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिचं आयुष्य कमी होतं. ॲपलवाले तर आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगतात, आणि चार्जिंग करताना फोन तापत असेल तर आधी कव्हर काढा असंही म्हणतात. माझा फोन ॲपलचा नाही, पण बॅटरी सगळ्यांची त्याच जातीची. ३५ अंश माझ्या गाळ्यात फक्त जानेवारीत असतात.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. यांचा फोन पाच वर्षं जुना, आणि त्याला कधीही, एक दिवसही कव्हर घातलेलं नाही. एक ओरखडा नाही. यांचं म्हणणं, "तुम्हा लोकांना कव्हरांचा सोस आहे. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांड्याला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कागद घालायची सवय लागली ती सुटतच नाही. अगं, घेतलेली वस्तू एकदा हाताला लागू तरी दे." त्या दिवशी घासलेली पाठ बघून त्यांना जोर चढला. "बघ, कव्हरनेच खराब केला."

बोलणं लागलं. आणि खरं सांगू? फोन उघडा हातात घेतला तर इतका हलका, इतका पातळ, की वाटलं, पैसे यासाठी दिले होते आणि दीड वर्ष आपण टायर धरून बसलो होतो. म्हटलं, नाहीच घालायचं आता.

बावीस दिवस मजेत गेले. तेविसावा दिवस शनिवार. साठ पोळ्यांची वाढीव ऑर्डर होती, मी लाटत होते, सुगंधा भाजत होती. फोन डब्याला टेकून नव्हता, आडवा ठेवला होता, ओट्यावर, भिंतीपासून हातभर. व्हायब्रेटवर. फोन आला, मी बघितलं, म्हटलं एवढी पोळी तव्यावर टाकते आणि घेते. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो फोन थरथरत थरथरत चालायला लागला. ग्रॅनाइट गुळगुळीत, फोनची पाठ गुळगुळीत, आणि ओट्याला पाणी सिंककडे जावं म्हणून दिलेला किंचित उतार. एक रिंग, चार बोटं पुढे. दुसरी रिंग, अजून चार. माझ्या हातावर लाटलेली पोळी. मी "अगं अगं अगं" एवढंच म्हणाले, कुणाला ते माहीत नाही. तो कडेवरून गेला, कोपऱ्यावर पडला, आणि जमिनीवर पडूनही वाजतच होता.

कोपऱ्यापासून निघालेल्या रेघा पार दुसऱ्या टोकापर्यंत. स्क्रीनवर तुकडे झालेलं नाव दिसत होतं, ज्यांचे डबे होते त्यांचंच.

काच इतकी मजबूत म्हणतात, मग फुटते कशी, हे मी मुलाला विचारलं. त्याने सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. गोरिला ग्लाससारखी काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियमच्या मिठात बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. डब्यात बेसनाचे लाडू अगदी चपखल बसलेत, त्यातले वरचे काढून त्याच जागी मोठे लाडू दाबून बसवले, तर वरचा थर किती ताठ होईल? तसा काचेचा वरचा थर दाबाखाली राहतो, आणि दाबाखालच्या थरात चीर सहजी उघडत नाही. पण सगळा मार एकाच टोकावर आला, आणि तिथे आधीची बारीकशी चीर असली, की तो दाबही पुरत नाही. कोपरा म्हणजे तेच, सगळ्या फोनचं वजन सुईच्या टोकावर.

अधिकृत सेवा केंद्रात स्क्रीन बदलायला सहा हजार दोनशे रुपये आणि तीन दिवस लागले. सहा हजारांचं दुःख झालं, पण तीन दिवसांचं जास्त. यांच्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये सिम घालून बसले. यूपीआय नाही, व्हॉट्सॲप नाही, नेहमीच्या बाराजणांनी डबा दुसरीकडून घेतला, त्यातले तिघे परत आलेच नाहीत.

आमचे हे त्या तीन दिवसांत कव्हरांविषयी एक अक्षर बोलले नाहीत. पण मी त्यांच्यावर विचार केला, आणि माणूस बरोबर आहे. त्यांचा फोन शर्टाच्या खिशात असतो, बटण लावलेलं. डोंबिवलीहून सीएसएमटीला उभ्याने जाताना ते तो बाहेरच काढत नाहीत, ऑफिसात लाकडी टेबलावर कापडाच्या चटईवर ठेवतात, घरी आले की टीव्हीवर. दिवसात हात किती वेळा लागतो? वीस वेळा. तोही कोरडा. त्यांना कव्हर कशाला हवं? माझ्या फोनला दोनशे वेळा हात लागतो, ओला.

आणि त्या शनिवारी मला जे कळलं ते स्टॉलवरचा कुठलाच मुलगा सांगत नाही. ते सगळे पडल्यावर काय होईल ते सांगतात, छत से फेंको. माझा फोन हातातून पडला नव्हता. तो सरकला होता. फुकटचं ते पिवळं कव्हर असतं ना, तर तो जागचा हललाही नसता. मी मागचे सगळे प्रसंग आठवून पाहिले. पिठीने निसटलं, पाकीट उताणं पडलं, उघडा फोन चालत गेला. उशा-बिशा नंतरच्या गोष्टी. कव्हर धरून ठेवतं का, हा पहिला प्रश्न.

तेव्हा पाचवं. जुलै २०२४ पासून हेच, सध्या दुसरा नग चालू आहे. साधं काळं टीपीयू, एकशे ऐंशी सांगितले, दीडशेला दिलं. ना नाव, ना खोका. पाठीला बारीक रेघा आहेत, चारी कोपऱ्यांत हवेचे छोटे फुगवटे आहेत, आणि पुढची कड स्क्रीनच्या वर आहे. ही कड बघून घ्यायची. माझी पद्धत अशी की फोनला कव्हर घालून स्टॉलच्या काचेवर पालथा ठेवायचा, दहाची नोट घडीच्या पोळीसारखी चारपदरी दुमडायची आणि स्क्रीनखालून सरकवायची. सरकली तर कव्हर घ्यायचं, अडकली तर परत द्यायचं. वर टेम्पर्ड काच लावणार असाल तर ती लावल्यावर सरकली पाहिजे, कारण ती काचच कड खाऊन टाकते. (त्या काचेवर ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलीच्या टोकाच्या कठीणपणाचं, हिऱ्याबिऱ्याचं काही नाही. तरी मी लावते, शंभर रुपयांत एक थर फुटायला मिळतो.) दुसरी परीक्षा म्हणजे तो पाठीवर ठेवून काच जरा तिरकी करायची. स्टॉलवाला वैतागतो, वैतागू दे.

दोष आहेत. वर्षभरात कडा सैल होतात आणि फोन आत हलायला लागतो, म्हणून दीडशेचं दरवर्षी नवं. चार्जिंगचं भोक उघडं आहे, त्यावर मी वेगळी मिळणारी रबरी बुचं लावते, दहा रुपयांना पाच, आणि महिन्याला एक हरवते. बाजूचं बटण पहिला आठवडा घट्ट लागतं. दिसायला म्हणाल तर काही दिसत नाही, काळा चौकोन. गिऱ्हाइकाला मात्र स्वच्छ दिसतो, आणि दीड वर्षात ओट्यावरून एकदाही खाली गेलेला नाही. हातातून दोनदा गेला. एकदा कोपऱ्यावर. कोपऱ्याचा फुगवटा फाटला, फोन शाबूत.

आजवरच्या कव्हरांचा हिशेब केला तर दोन हजार तीनशे अठ्ठेचाळीस रुपये, त्यातले अकराशे नव्याण्णव छत से फेंकोचे. ते कव्हर मुलाला दिलं, तो बाइकवर फोन लावतो, त्याला तिथे उपयोगी आहे. जांभळं सुगंधाच्या मुलीच्या फोनला बसलं, ती कॉम्प्युटर क्लासला जाते, तिथे पिठी नाही.

पिवळं मी टाकलं नव्हतं, खिडकीच्या ग्रिलमध्ये तसंच लटकत होतं. मागच्या महिन्यात सुगंधाचा पोळपाट फार सरकत होता, लाटताना एक हात सारखा त्याला धरायला. मी कात्री घेतली, त्या कव्हरचे रुपयाएवढे तीन तुकडे कापले आणि पोळपाटाच्या तीन पायांना चिकटवले. आता हलत नाही.